राग मालकावर, हुर्यो कर्णधारावर

१ एप्रिल २०२४ची संध्याकाळ. वानखेडे स्टेडियमवर मुंबई इंडियन्सचा त्या मोसमातला घरचा पहिलाच सामना, समोर राजस्थान रॉयल्स. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांनी मुंबईचा कर्णधार म्हणून हार्दिक पंड्याचं नाव पुकारलं आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मांजरेकर मुंबईचेच, या प्रेक्षकांसमोर खेळून मोठे झालेले. त्यांनी माईकवरूनच लोकांना नीट वागायला सांगितलं. कोण ऐकतं! मग खेळ सुरू झाला. रोहित शर्मा, नमन धीर आणि डेवाल्ड ब्रेविस हे तिघेही ट्रेंट बोल्टच्या गोलंदाजीवर आल्या पावली परतले, तिघेही स्वतःच्या पहिल्याच चेंडूवर. ४ बाद २० वरून मुंबईने कसेबसे ९ बाद १२५ जमवले, आणि राजस्थानने सहा गडी राखून सामना खिशात घातला. मुंबईचा हा लागोपाठ तिसरा पराभव होता.

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी या स्टेडियमपासून रात्रभराच्या प्रवासावर आहे. पण त्या वर्षी आयपीएल मोबाईलवर फुकट दिसत होतं, तेही मराठी समालोचनासकट. त्यामुळे अशा गावातल्या पानटपरीवरचा आणि वानखेडेच्या स्टँडमधला प्रेक्षक एकाच चेंडूला एकाच वेळी शिव्या घालत होते. अंगात निळा टी-शर्ट, हातात फोन, आणि ‘रोहित असता तं असं झालंच नसतं’ हे वाक्य मार्चपासून मेपर्यंत महाराष्ट्रात कुठेही ऐकू आलं असतं. ज्या संघाचं तिकीट आयुष्यात कधी काढलं नाही, त्याच्यावर इतका हक्काने रागावणारा हा माणूस समजून घेण्यासारखा आहे.

त्याच्या रागाची सुरुवात मैदानावर झालीच नव्हती. नोव्हेंबर २०२३च्या अखेरीस मुंबईने हार्दिकला गुजरात टायटन्सकडून परत आणलं. २०१५ मध्ये अवघ्या १० लाखांच्या मूळ किमतीत मुंबईनेच त्याला घेतलं होतं, तेव्हा परतण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. १५ डिसेंबरला मात्र संघाने जाहीर केलं की आता कर्णधार हार्दिक. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० असे पाच करंडक जिंकून देणारा, बोरिवलीत वाढलेला रोहित एका निवेदनाने बाजूला झाला. निवेदन माहेला जयवर्धनेच्या नावाचं होतं आणि त्यात वारसा, भविष्याची तयारी असे कंपनीच्या वार्षिक अहवालात शोभणारे शब्द होते. काही तासांत समाजमाध्यमांवर संघाचे चाहते भराभर गळाले. संघाचे टी-शर्ट आणि टोप्या जाळल्याच्या चित्रफिती फिरू लागल्या.

व्यवस्थापनाची बाजू अगदीच लंगडी होती असं नाही. २०२० नंतर मुंबईच्या हाती काही लागलं नव्हतं. २०२२ मध्ये पहिले आठही सामने हरून संघ तळाला गेला होता आणि त्या मोसमात रोहितच्या बॅटमधून एकही अर्धशतक न येता २६८ धावा आल्या होत्या. पुढच्या वर्षी ३३२. वय ३६. दुसरीकडे हार्दिकने गुजरातला पहिल्याच वर्षी विजेतेपद आणि दुसऱ्या वर्षी उपविजेतेपद मिळवून दिलं होतं. एखाद्या कारखान्याच्या संचालक मंडळाने हेच आकडे पाहून हाच निर्णय घेतला असता. मग बिनसलं कुठे?

बिनसलं ते सांगण्यात. १८ मार्चला मोसमाआधीची पत्रकार परिषद झाली. टेबलामागे हार्दिक आणि प्रशिक्षक मार्क बाउचर. रोहितला काढण्यामागचं कारण काय, असा साधा प्रश्न आला. दोघेही गप्प. उत्तर न देताच परिषद पुढे सरकली. क्रिकेट समजणाऱ्या प्रेक्षकाला संघ हरतो हे कळतं, म्हातारपण कळतं, पैशाचं गणितही कळतं. त्याला खुपतं ते आपल्याला कुणी हिशेबात न धरणं. घरातल्या मोठ्याला विचारल्याशिवाय शेताचा सौदा ठरावा, तशी ही चीड होती.

त्यात हार्दिकने स्वतःहून भर घातली. २४ मार्चला अहमदाबादेत गुजरातविरुद्ध संघात जसप्रीत बुमराह असताना डावाची सुरुवात त्याने स्वतःच्या गोलंदाजीने केली. पुढे १६९ धावांचा पाठलाग करताना स्वतः सातव्या क्रमांकावर आला. मुंबई सहा धावांनी हरली. तीन दिवसांनी हैदराबादने ३ बाद २७७ असा तोवरचा आयपीएलमधला सर्वोच्च डोंगर रचला. त्या डावात बुमराहने चौथं षटक टाकून फक्त पाच धावा दिल्या आणि मग तो थेट तेराव्या षटकात परतला. मधल्या षटकांत बाकीच्या गोलंदाजांची धुलाई होत असताना जगातला सर्वांत भरवशाचा गोलंदाज नुसता क्षेत्ररक्षण करत होता. असल्या चुका दिसायला प्रशिक्षणाचा दाखला लागत नाही. टपरीवरच्या पोरालाही त्या दिसतात, आणि त्याला दिसलेली चूक कर्णधाराला दिसत नाही म्हटल्यावर त्याच्या रागाला पुरावा मिळतो.

१४ एप्रिलचा चेन्नईविरुद्धचा सामना तर चाहत्यांच्या जखमेवर मीठच होता. शेवटचं षटक हार्दिकने हाती घेतलं, महेंद्रसिंह धोनी आला आणि त्याने सलग तीन षटकार ठोकत चार चेंडूंत २० धावा केल्या. नंतर रोहित नाबाद १०५ करूनही संघ हरला. किती धावांनी? बरोबर २०. मोसम संपला तेव्हा १४ पैकी ४ विजय आणि पुन्हा तळाचं, दहावं स्थान.

तरीही हार्दिकला जे सोसावं लागलं त्यातलं बरंचसं त्याच्या वाट्याचं नव्हतं, हे मान्य करायला हवं. कर्णधार बदलायचा निर्णय वरच्या मजल्यावर झाला. तो मजला वानखेडेच्या स्टँडमधून दिसत नाही आणि फुलसावंगीतून तर नाहीच. मालक हुर्योच्या टप्प्यात येत नाही, टप्प्यात येतो सीमारेषेजवळ उभा असलेला खेळाडू. राजस्थानच्या सामन्यात सीमारेषेवर उभ्या रोहितने हात करून प्रेक्षकांना थांबायला सांगितलं होतं. ज्याच्यासाठी हा सगळा कल्लोळ, त्यालाच तो नको होता.

मुंबईच्या प्रेक्षकांची ही सवय जुनीच आहे. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद होऊन परतला तेव्हा याच वानखेडेवर काही प्रेक्षकांनी त्याचीही हुर्यो उडवली होती. सचिनची! भारत दुसऱ्या डावात १०० धावांत गारद होऊन २१२ धावांनी हरला.

अजित वाडेकरांची गोष्ट याहून कडवट आहे. १९७१ मध्ये त्यांच्या संघाने आधी वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. दोन्हीकडे भारताचा हा पहिलाच मालिका विजय. मुंबईत मिरवणूक निघाली, इंदूरमध्ये तर खेळाडूंची नावं कोरलेली काँक्रीटची अजस्र बॅट उभी राहिली, ‘विजय बल्ला’. तीन वर्षांनी, जून १९७४ मध्ये, हेच वाडेकर कर्णधार असताना भारताचा डाव लॉर्ड्सवर ४२ धावांत आटोपला आणि मालिका ०-३ अशी गेली. इंदूरच्या त्या बॅटला लोकांनी काळं फासलं. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड आले. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं गेलं आणि त्यांनी खेळणंच सोडलं. तेव्हा क्रिकेट मंडळाच्या कारभाऱ्यांच्या दारावर खडा पडल्याचं मात्र कुठे वाचायला मिळत नाही.

चाहत्याचा राग वर पोचायला वाटच नसते, हे सगळीकडे खरं नाही. आयर्लंडमधला गेलिक फुटबॉल हा खेळ आपल्याकडे कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. दोन्हीकडे १५-१५ खेळाडू, चेंडू हाताने आणि पायाने दोन्ही खेळायचा, आडव्या दांड्यावरून मारला तर गुण आणि दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल. १८८४ मध्ये स्थापन झालेली संघटना तो चालवते आणि तिथले सर्वोच्च पातळीवरचे खेळाडूही खेळण्याचा पगार घेत नाहीत. रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८० हजारांसमोर खेळलेला माणूस सोमवारी शाळेत शिकवायला किंवा शेतावर जातो. आणि साधारणपणे तो आपल्याच काउंटीकडून, म्हणजे आपल्याच जिल्ह्याकडून खेळतो. लिलाव नाही, अदलाबदल नाही.

या खेळात मेयो नावाच्या पश्चिमेकडच्या काउंटीने १९५१ नंतर अजिंक्यपद पाहिलेलं नाही. १९८९ ते २०२१ या काळात हा संघ अकरा अंतिम लढती हरला. त्यातल्या २०१३, २०१६ आणि २०१७ या तिन्ही डब्लिनविरुद्ध, आणि तिन्ही वेळा एकेका गुणाने. १९५१च्या विजयी मिरवणुकीत वाटेतल्या अंत्ययात्रेला मान दिला नाही म्हणून शाप लागला, अशी तिकडे दंतकथा आहे. चिडायला याहून मोठं कारण काय हवं? चाहते चिडतातही. पण तिथे ज्याला शिव्या द्यायच्या तो आपल्या मुलीचा मास्तर असतो किंवा बाजारात समोर उभा राहणारा दुकानदार. जीभ आपोआप आवरते. शिवाय काउंटीचं मंडळ गावोगावच्या क्लबांचे प्रतिनिधी निवडतात. गाऱ्हाणं क्लबच्या बैठकीत मांडता येतं आणि मतपेटीत टाकताही येतं. २०१५ मध्ये तर मेयोच्या खेळाडूंनीच पॅट होम्स आणि नोएल कॉनेली या व्यवस्थापकांच्या जोडगोळीवर अविश्वास दाखवला आणि दोघांना एका मोसमातच पद सोडावं लागलं. खेळाडूंनी केलं ते बरोबर की चूक यावर तिथे जोरदार वाद झाले. पण वाद निदान निर्णय घेणाऱ्यांच्या नावाने झाले.

जर्मनीतल्या फुटबॉलमध्ये थोडे अपवाद सोडले तर क्लबच्या कारभारात निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे असावी लागतात. आपल्याकडे असं काहीच नाही. आयपीएलचा संघ ही खाजगी मालमत्ता आहे, चाहता हा तिचा गिऱ्हाईक. त्यातल्या त्यात केरळने वेगळा रस्ता धरला. केरला ब्लास्टर्स हा फुटबॉल संघ इंडियन सुपर लीगच्या तीन अंतिम फेऱ्यांत पोचून तिन्हीत हरलेला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या ‘मंजप्पडा’ या चाहता संघटनेने खेळाडूंना सोडून थेट व्यवस्थापनाविरुद्ध आघाडी उघडली. प्रोत्साहन खेळाडूंना, निषेध मालकांचा, अशी स्पष्ट वाटणी. महाराष्ट्रात क्रिकेटचे चाहते कोट्यवधी, पण त्यांची अशी संघटना नाही. चार लाख लोकांनी एकाच दिवशी फोनवर बोट फिरवलं तरी त्याला निषेधाचा अर्ज म्हणता येत नाही.

संघटना नसलेला राग जसा चढतो तसाच उतरतो. २९ जून २०२४ला बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या. चेंडू हार्दिककडे होता. पहिल्याच चेंडूवर सीमारेषेवर सूर्यकुमार यादवने डेव्हिड मिलरचा तो झेल घेतला आणि भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला विजेता संघ मरीन ड्राइव्हवरून वानखेडेवर आला तेव्हा तिथे ‘हार्दिक, हार्दिक’चा गजर चालला होता. तीन महिन्यांत लोक बदलले म्हणून त्यांना हसायचं कारण नाही. मुंबई इंडियन्सच्या दफ्तरात मात्र त्यांच्या तक्रारीची साधी नोंदही झालेली नव्हती. २०२५ मध्ये कर्णधार हार्दिकच होता, रोहित त्याच्या हाताखाली खेळला आणि संघ साखळी फेरीत चौथा आला.

फुलसावंगीच्या चाहत्यापुरती एक गोष्ट उरते. त्याला मुंबईपेक्षा नागपूर कितीतरी जवळ. त्याचा स्वतःचा संघ म्हणजे विदर्भ. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या या संघाला पहिला करंडक मिळायला २०१७-१८ उजाडलं. मधल्या साठ वर्षांत हा संघ इतका हरला, पण त्याची हुर्यो कुणी उडवली नाही, कारण बघायलाच कुणी नव्हतं. हार्दिकची हुर्यो उडण्याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, १४ मार्च २०२४ला, त्याच वानखेडेवर विदर्भ रणजीचा अंतिम सामना मुंबईकडून १६९ धावांनी हरला होता. पहिल्या डावात विदर्भाचे सगळे गडी १०५ धावांत बाद. एवढ्या मोठ्या सामन्यात ही गत का झाली, असं संघाच्या कारभाऱ्यांना कुणी रागाने विचारल्याचं आठवत नाही. कर्णधार अक्षय वाडकरने दुसऱ्या डावात शतक ठोकलं, त्याचं कौतुक तरी किती टपऱ्यांवर झालं?

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, उपांत्य सामन्यात हीच मुंबई नागपूरला आली. फिरकी गोलंदाज पार्थ रेखाडेने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना घरी धाडलं, विदर्भाने ८० धावांनी हिशेब चुकता केला आणि पुढे केरळविरुद्धच्या अनिर्णित अंतिम सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक उचलला. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. विदर्भ क्रिकेट असोसिएशनने यापुढे संघ कसा चालवावा, याबद्दल यवतमाळच्या टपरीवर अजून भांडण लागायचं आहे.