विक्रीस आलेलें युरोपीय चिलखत व त्याची परीक्षा

जुना कागद हातीं आला म्हणजे तो अस्सल, नक्कल कीं बनावट हें आपण आधीं ठरवितों व मगच त्याची साक्ष मानतों. लोखंडाची साक्षहि याच न्यायानें घेतली पाहिजे. ता. ५ मे १९८३ रोजीं लंडन येथें सोदबीच्या लिलावांत हेव्हर कॅसलच्या संग्रहांतील एक चिलखत १९,२५,००० पौंडांस विकलें गेलें. मिलानच्या जोव्हानी नेग्रोलीनें तें फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्यासाठीं घडविलें, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. जेथें नांवास एवढें मोल, तेथें लबाडीस वाव असावयाचाच. म्हणून परीक्षेचीं मुख्य स्थळें येथें देतों.

युरोपांत एकोणिसाव्या शतकांत जुन्या वीरयुगाची हौस वाढली. १८३९ सालीं स्कॉटलंडांत एग्लिंटन येथें चिलखतें घालून भाल्यांचे सामने झाले, ते याच हौसेचें फळ. पुढें म्यूनिकच्या अर्न्स्ट श्मिट यानें उत्तम प्रतिकृति तयार केल्या. प्रतिकृति करणें हा अपराध नव्हे. ती अस्सल म्हणून विकणें हा अपराध होय.

प्रथम पत्रा आंतून पाहावा. जुना कारागीर ऐरणीवर ठोकून घडवी. म्हणून आंत हातोड्याचे घाव दिसतात, व उरस्त्राण मध्यें जाड आणि कडांकडे पातळ असतें. सर्वत्र सारखी जाडी आढळल्यास पत्रा यंत्रांतून निघाला, असा संशय घ्यावा. दुसरें, भोकें मोजावीं. चामड्याचे पट्टे कुजतात व नवे बसविले जातात, त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु ज्या भोकांचा कशाशींच मेळ नाहीं, तीं हा भाग दुसऱ्या चिलखतांतून आल्याचें सुचवितात. तिसरें, ठसा. ऑग्सबर्गचा ठसा देवदाराच्या फळाचा, न्यूरेंबर्गचा मण्यांच्या वर्तुळांतील ‘एन्’ अक्षराचा. पण शिक्का जसा खोटा करतां येतो, तसा ठसाहि; एकट्या ठशावर विसंबूं नये. अखेरचा निवाडा सूक्ष्मदर्शकाचा. जुन्या भट्टींतील लोखंडांत मळीचे बारीक कण अडकून राहत. १८५६ नंतर बेसेमरच्या रीतीनें पोलाद वितळवून होऊं लागलें. त्यांत तसे कण सांपडत नाहींत.

या दोन टोकांमध्यें तिसरा प्रकार आहे, व आमच्या मतें तोच अधिक फसवा. शिरस्त्राण एका चिलखताचें, दस्ताने दुसऱ्याचे, पायांचे भाग तिसऱ्याचे. प्रत्येक तुकडा खरा, पण जुळणी खोटी. विकणारानें तसें स्पष्ट सांगितलें तर तक्रार नाहीं. न सांगितल्यास घेणाराचें द्रव्य जातें, ही हानि लहानच. तेंच चिलखत संग्रहालयांत उभें राहतें, त्याचें चित्र ग्रंथांत छापलें जातें, आणि कधीं कोणी न घातलेला पोशाख अभ्यासक एका योद्ध्याच्या अंगावर चढवितात. ही हानि इतिहासाची होय. घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोहहि यासाठींच टाळावा. गंजाबरोबर पुरावाहि निघून जातो.