अनिकेत जाधव

अनिकेत अनिल जाधव (जन्म : १३ जुलै, २०००, कोल्हापूर, महाराष्ट्र) हा भारतीय व्यावसायिक फुटबॉलपटू आहे. तो आघाडीच्या फळीत, मुख्यतः मैदानाच्या कडेने चढाई करणारा विंगर म्हणून खेळतो. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील फिफा विश्वचषक स्पर्धेत त्याने भारताचे प्रतिनिधित्व केले. पुढे वरिष्ठ राष्ट्रीय संघातही त्याची निवड झाली.

पार्श्वभूमी

कुस्तीचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या कोल्हापुरात फुटबॉल तितकाच लोकप्रिय आहे. येथील संघांची उभारणी पेठांमधील तालमी आणि तरुण मंडळांच्या आधारे झाली. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे त्यांतील काही नामवंत संघ होत. स्थानिक सामने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (के.एस.ए.) अधिपत्याखाली राजर्षी छत्रपती शाहू स्टेडियमवर खेळले जातात आणि त्यांना हजारो प्रेक्षकांची उपस्थिती असते. पेठेचा अभिमान हे या फुटबॉलचे मोठे बळ आहे. मात्र इंडियन सुपर लीगमध्ये कोल्हापूरचा स्वतःचा संघ नसल्यामुळे व्यावसायिक खेळाडू होऊ इच्छिणाऱ्या येथील मुलांना शहर सोडणे भाग पडते. अनिकेतचा प्रवासही याच वाटेने झाला.

प्रारंभिक जीवन

अनिकेतचा जन्म सामान्य कुटुंबात झाला. त्याचे वडील रिक्षाचालक होते. फुटबॉलचे प्राथमिक धडे कोल्हापुरात घेतल्यानंतर लहान वयातच त्याची निवड पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीत झाली. क्रीडा प्रबोधिनी ही महाराष्ट्र शासनाची निवासी योजना असून तीत निवडक मुलामुलींचे शालेय शिक्षण, निवास, आहार आणि क्रीडा प्रशिक्षण यांची व्यवस्था शासनामार्फत केली जाते. बेताच्या परिस्थितीतील खेळाडूला अशा योजनेमुळे वर्षभर नियमित प्रशिक्षण मिळू शकते. घरापासूनचा दुरावा मात्र सोसावा लागतो. पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने विश्वचषकासाठी घडविलेल्या संघात त्याला स्थान मिळाले.

१७ वर्षांखालील विश्वचषक, २०१७

यजमान या नात्याने भारताला या स्पर्धेत थेट प्रवेश होता. फिफाच्या कोणत्याही विश्वचषक स्पर्धेतील भारताचा हा पहिलाच सहभाग होता. पोर्तुगीज प्रशिक्षक लुईश नॉर्टन डी मातोस यांच्या मार्गदर्शनाखालील भारतीय संघ 'अ' गटात होता आणि त्याचे सर्व सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असा पराभव पत्करल्याने भारताचे आव्हान गटातच संपुष्टात आले. ६ ऑक्टोबर रोजी अमेरिकेविरुद्ध झालेल्या सलामीच्या सामन्यात अनिकेत भारताच्या आघाडीच्या फळीत होता.

क्लब कारकीर्द

विश्वचषकानंतर त्या संघातील बहुतेक खेळाडूंना एकत्र ठेवून महासंघाने 'इंडियन ॲरोज' हा संघ आय-लीग स्पर्धेत उतरविला. नोव्हेंबर २०१७ मध्ये चेन्नई सिटीविरुद्धचा पहिलाच सामना या संघाने ३-० असा जिंकला. त्यांतील दोन गोल अनिकेतचे होते. त्यानंतर इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबमध्ये काही काळ प्रशिक्षण घेण्याची संधी त्याला मिळाली. या क्लबची मालकी पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाकडे आहे.

२०१९ साली तो जमशेदपूर एफसी संघात दाखल झाला व त्याने इंडियन सुपर लीगमध्ये पदार्पण केले. २०२१-२२ च्या हंगामात तो हैदराबाद एफसीकडून खेळला. २० मार्च २०२२ रोजी गोव्यातील फातोर्डा येथे झालेल्या अंतिम सामन्यात हैदराबादने केरळ ब्लास्टर्सवर पेनल्टी शूटआउटमध्ये ३-१ अशी मात करून प्रथमच विजेतेपद मिळविले. त्यानंतर तो ईस्ट बंगाल आणि ओडिशा एफसी या संघांकडून खेळला. नोव्हेंबर २०२३ मध्ये एएफसी चषक स्पर्धेत ओडिशाने कोलकात्यात मोहन बागानला ५-२ असे पराभूत केले. त्या सामन्यात अनिकेतनेही एक गोल नोंदविला.

राष्ट्रीय संघ

मार्च २०२२ मध्ये बहारीन व बेलारूस यांच्याविरुद्ध बहारीनमध्ये झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यांच्या दौऱ्यात त्याने वरिष्ठ भारतीय संघाकडून पदार्पण केले. हैदराबादच्या विजेतेपदानंतर अवघ्या काही दिवसांतच हा दौरा झाला.

महत्त्व

कोल्हापुरात गुणी खेळाडूंची आणि रसिक प्रेक्षकांची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती पेठेच्या मैदानापासून राष्ट्रीय संघापर्यंत नेणाऱ्या वाटेची. अनिकेतच्या बाबतीत ही वाट निवासी प्रशिक्षण, महासंघाचा युवा संघ आणि व्यावसायिक क्लब अशा टप्प्यांनी पूर्ण झाली. तालमींच्या फुटबॉल परंपरेतून पुढे येऊ पाहणाऱ्या कोल्हापूरच्या मुलांसाठी त्याची कारकीर्द म्हणूनच मार्गदर्शक ठरते.