लहान नळयोजना आणि नोंदवहीतील क्लोरीन

लहान गावाच्या पाणीपुरवठ्याचा विचार करताना दोन प्रश्न सहसा एकच मानले जातात. पाणी पिण्यास निर्धोक आहे काय, हा पहिला. आणि त्याविषयीचे नियम पाळले जात आहेत काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पाण्यात असते; दुसऱ्याचे पुष्कळदा केवळ कागदावर असते. ही दोन उत्तरे परस्परांपासून किती दूर जाऊ शकतात हे कॅनडातील वॉकर्टन या गावी मे २००० मध्ये घडलेल्या दुर्घटनेवरून स्पष्ट होते. सबब त्या घटनेचे विवेचन येथे योजिले आहे.

वॉकर्टन हे ऑन्टॅरिओ प्रांतातील गाव. त्या वेळची वस्ती सुमारे ४,८०० होती. विहिरींचे पाणी उपसून, त्यात क्लोरीन मिसळून ते नळांना सोडले जाई. यांपैकी पाचव्या क्रमांकाची विहीर १९७८ साली उपयोगात आली. तिचे पाणी केवळ ५ ते ८ मीटर खोलीवरील भेगाळ खडकातून येत असे आणि त्या खडकावर मातीचे आवरण पातळ होते. जवळच शेत होते व त्यात रीतीप्रमाणे शेणखत घातलेले होते. ८ ते १२ मे या दिवसांत जोराचा पाऊस झाला आणि खतातील जंतू विहिरीत उतरले. ई. कोलाय जंतूचा ओ १५७ : एच ७ हा घातक प्रकार व कॅम्पिलोबॅक्टर यांच्या संसर्गाने सात माणसे दगावली आणि सुमारे २,३०० आजारी पडली.

येथे क्लोरीनच्या कार्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. पाण्यात मिसळलेला क्लोरीन प्रथम त्यातील सेंद्रिय व अन्य द्रव्यांवर खर्ची पडतो. ही ‘मागणी’ भागल्यावर जो उरतो तो अवशिष्ट क्लोरीन होय. पंधरा मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरावा, असा ऑन्टॅरिओतील दंडक होता. या अवशेषाचे महत्त्व दुहेरी आहे. तो जंतूंचा नाश करतो हे उघडच आहे. परंतु तो एकाएकी नाहीसा झाला, तर विहिरीत काही अनिष्ट शिरले आहे अशी वर्दीही त्याच्या अभावातून मिळते. प्रयोगशाळेत जंतूंची वाढ होऊन निष्कर्ष हाती येईपर्यंत एक-दोन दिवस जातात आणि तोवर ते पाणी लोकांच्या पोटात गेलेले असते. क्लोरीनची चाचणी मात्र काही मिनिटांत होते.

वॉकर्टनमध्ये ही चाचणी रोज होणे अपेक्षित होते व नोंदवहीत रोज आकडाही पडत असे. हा आकडा बहुधा ०.५ किंवा ०.७५ असे. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे दाखवून दिले की, पुष्कळ दिवशी हे मापन झालेलेच नव्हते आणि क्लोरीनही कमी घातला जात होता. यामागे दुष्ट हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. विहिरीचे पाणी मुळातच शुद्ध आहे, अशी तेथील कर्मचाऱ्यांची समजूत होती व ते स्वतः ते पाणी प्रक्रियेवाचून पीत. क्लोरीनच्या चवीबद्दल नागरिकांच्याही तक्रारी असत. अज्ञान व सवय यांनी मिळून जी शिथिलता येते, ती नियमाच्या उघड उल्लंघनाहून अधिक धोक्याची असते. कारण ती बाहेरून दिसत नाही.

नियंत्रक यंत्रणाही निर्दोष नव्हती. उथळ विहिरींवर अवशिष्ट क्लोरीन व गढूळपणा यांचे अखंड मापन व्हावे, असे तत्त्व १९९४ साली स्वीकारले गेले. पण ते जुन्या विहिरींना लावून पाहण्याची योजना झाली नाही. १९९६ साली सरकारी प्रयोगशाळांनी नगरपालिकांच्या पाण्याची तपासणी बंद केली. तथापि खाजगी प्रयोगशाळेने प्रतिकूल निष्कर्ष आरोग्य खात्यास कळवावा, असे कायदेशीर बंधन घातले गेले नाही. १७ मे रोजी आलेला दूषित पाण्याचा निष्कर्ष व्यवस्थापकाकडेच राहिला. आरोग्याधिकाऱ्यांनी चौकशी केली असता पाणी चांगले असल्याचे सांगण्यात आले. अखेर त्यांनी २१ मे रोजी स्वतःच्या जबाबदारीवर पाणी उकळून पिण्याची सूचना काढली. पाचव्या विहिरीवर अखंड मापनाची यंत्रे असती तर हा अनर्थ टळला असता, असा आयोगाचा निर्णय आहे. त्यानंतर २००२ साली प्रांतात सुरक्षित पेयजलाचा स्वतंत्र कायदा झाला.

या घटनेचा बोध आपल्याकडील ग्रामपंचायतींच्या नळयोजनांनाही लागू पडतो. तेथे क्लोरीन बहुधा विरंजक चूर्णाच्या, म्हणजे गावात जिला टीसीएल पावडर म्हणतात तिच्या, रूपाने टाकीत पडतो. दमट हवेत राहिलेल्या पावडरीतील क्लोरीन उडून जातो, आणि पावसाळ्यात पाण्याची मागणी वाढते. म्हणून ‘अमुक किलो पावडर टाकली’ ही नोंद खरी असूनही शेवटच्या नळाला क्लोरीन शून्य असू शकतो. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरणे अपेक्षित आहे. ऑर्थोटोलिडिनचे काही थेंब टाकल्यावर नमुना पिवळा होतो की नाही, एवढे पाहिले तरी क्लोरीन उरला आहे की नाही हे तेथल्या तेथे समजते.

तात्पर्य, काय टाकले याची नोंद हा श्रमाचा पुरावा आहे; काय उरले याची नोंद हा सुरक्षिततेचा. लहान योजनेच्या निरीक्षकाने वही उघडण्यापूर्वी गावाच्या टोकाचा नळ उघडावा. सलग महिनाभर एकच आकडा आढळल्यास समाधान न मानता त्याने शंका घ्यावी. कारण निसर्गातील पाणी रोज सारखे नसते.