मला सिझरच हवंय!

सरकारी हॉस्पिटलमध्ये जाऊन ‘माझं सिझर करा’ असं पेशंटनेच सांगायचं? इंग्लंडच्या ‘एनएचएस’मध्ये हे करता येतं. फक्त ते मागावं लागतं, आणि मागताना थोडं चिवट व्हावं लागतं. ऑनसाइट निघालेल्या प्रत्येक जोडप्याने वाचावी अशी एक ‘डिलिव्हरी स्टोरी’.

‘नॉर्मल की सिझर?’ ऑफिसमध्ये कोणाकडे बाळ झाल्याची मेल आली की दुसरा प्रश्न हाच असतो. (पहिला अर्थातच मुलगा की मुलगी!) उत्तर ‘नॉर्मल’ आलं की ‘वा, छान!’ आणि ‘सिझर’ आलं की ‘अरेरे, का गं?’ त्यावर एखादी सीनियर हमखास पुस्ती जोडणार, ‘हल्ली डॉक्टर मुद्दामच करतात. बिल वाढतं ना!’

हा संशय अगदीच हवेतला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी हॉस्पिटल्समध्ये ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं दिसलं. सरकारी हॉस्पिटल्समध्ये हाच आकडा १४.३ टक्के होता. देश तोच, बायका त्याच, फरक तिपटीहून जास्त! आता बोला!

पण या सगळ्या चर्चेत एक पात्र नेहमी गायब असतं. जिचं पोट आहे, ती. तिला काय हवंय? समजा ती स्वतःच म्हणाली की मला कळा नकोत, ऑपरेशन करा, तर? आणि तेसुद्धा अशा हॉस्पिटलमध्ये, जिथे बिलाचा प्रश्नच येत नाही, तर?

मी हे केलंय. २०२४ मध्ये, इंग्लंडमध्ये. नवऱ्याचं ऑनसाइट पोस्टिंग, मी डिपेंडंट व्हिसावर, लॅपटॉपवरून पुण्या-मुंबईच्या मासिकांसाठी लिहिणारी. आणि पोटात एक छोटा पाहुणा.

फुकट नाही, प्रीपेड!

इंग्लंडमध्ये डिलिव्हरी ‘फ्री’ असते, असं सगळे सांगतात. तसं ते खरंही आहे. डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर कोणी कार्ड स्वाइप करायला सांगत नाही. पण आपल्यासारख्या व्हिसावाल्यांनी पैसे आधीच भरलेले असतात. त्याचं नाव ‘इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज’. फेब्रुवारी २०२४ पासून तो माणशी वर्षाला १,०३५ पाउंड झाला. दोघांचा तीन वर्षांचा हिशेब करा, ६,२१० पाउंड! तेव्हाच्या दराने रुपयांत साडेसहा लाखांच्या घरात. कंपनी भरत असेल तर उत्तम, नाहीतर व्हिसाच्या फॉर्मबरोबर एकरकमी. हे लक्षात ठेवायचं ते एवढ्यासाठी, की तिथे काही मागताना ‘आपण उपरे, कसं मागायचं?’ असं वाटून घ्यायचं कारण नाही.

डॉक्टर कुठायत?

पहिला धक्का म्हणजे डॉक्टर भेटतच नाहीत. सगळं बघते ती मिडवाइफ. म्हणजे आपली सुईणच, पण डिग्रीवाली आणि भलतीच कॉन्फिडंट. दहा आठवड्यांच्या आत पहिली ‘बुकिंग अपॉइंटमेंट’, बाराव्या आठवड्याच्या आसपास एक सोनोग्राफी, विसाव्याच्या आसपास दुसरी. सगळं ठीक असेल तर संपलं! पुण्यात दर महिन्याला मॅडमकडे जाणाऱ्या माझ्या बहिणीला हे सांगितल्यावर ती फोनवर किंचाळलीच. आईचा सूर वेगळाच होता. ‘अगं, डॉक्टरने हात न लावताच बाळ होणार का तुला?’

सोळाव्या आठवड्यात मी मिडवाइफला सांगून टाकलं, मला प्लॅन्ड सिझेरियन हवंय. तिने विचारलं, ‘का?’

कारण एकच होतं. भीती. बहिणीच्या बाळंतपणात मी लेबर रूमच्या बाहेर होते. वीस तास कळा, मग अचानक धावपळ, मग इमर्जन्सी सिझर. बाळ-बाळंतीण सुखरूप, सगळ्यांनी पेढे वाटले. पण त्यानंतर कितीतरी महिने बहीण रात्री दचकून उठायची, हे पेढे खाणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. मला होतं. तो वीस तासांचा आवाज माझ्या डोक्यातून गेलेला नव्हता.

मिडवाइफ हसली नाही. ‘सगळ्याच बायकांना होतं’ असंही म्हणाली नाही. तिने ते लिहून घेतलं. बाळंतपणाच्या टोकाच्या भीतीला नाव आहे, टोकोफोबिया. २००० साली ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांनी एका शोधनिबंधात ते वापरलं. माझी भीती त्या टोकाची होती की नाही, ते पुढे तज्ज्ञ बघणार होते. पण आपल्याकडे जिला ‘नखरे’ म्हणतात, त्या गोष्टीला फाइलमध्ये एक रकाना आहे, हे कळून मला रडूच आलं.

‘आमच्याकडे करत नाहीत’

खरी परीक्षा अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाली. हॉस्पिटलमधल्या ज्युनिअर डॉक्टरने फाइल चाळली आणि गोड आवाजात सांगितलं, ‘मेडिकल कारण दिसत नाही. आम्ही नुसत्या रिक्वेस्टवर सिझर करत नाही.’ विषय संपला!

आपल्याकडची सवय अशी, की डॉक्टर बोलले म्हणजे वाक्याला पूर्णविराम. पण मी घरून अभ्यास करून गेले होते. इंग्लंडमध्ये उपचार कसे असावेत याच्या गाइडलाइन्स काढणारी एक संस्था आहे, नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ अँड केअर एक्सलन्स. शॉर्टफॉर्म ‘नाइस’! २०११ मध्येच तिने सांगून ठेवलंय आणि मार्च २०२१ च्या सुधारित गाइडलाइनमध्येही ते कायम आहे, की बाईने सिझर मागितलं तर आधी कारण विचारा, फायदे-तोटे समजावून सांगा, भीती असेल तर मानसिक आधार द्या. आणि एवढं करूनही तिला नॉर्मल डिलिव्हरी नकोच असेल, तर तिच्या निर्णयाला साथ द्या. समोरच्या टीमला ते जमत नसेल, तर जो करेल अशा डॉक्टरकडे पाठवा.

गाइडलाइन म्हणजे कायदा नव्हे. त्यामुळे प्रत्येक हॉस्पिटलचा सूर वेगळा लागतो. ‘बर्थराइट्स’ या तिथल्या संस्थेने २०१८ मध्ये पाहणी केली, तेव्हा १५ टक्के ट्रस्ट्सचं धोरण अशी मागणी सरळ नाकारण्याचं होतं. गाइडलाइनशी पूर्ण जुळणारं धोरण होतं फक्त २६ टक्क्यांचं. म्हणजे तुमचा पिनकोड कुठला, यावर तुमचं उत्तर ठरणार!

मी शांतपणे म्हटलं, ‘ठीक आहे. मग तुमचा नकार आणि त्याचं कारण फाइलमध्ये लिहा आणि मला कन्सल्टंटकडे रेफर करा.’ आवाज थरथरत होता, पण वाक्य पूर्ण झालं. नवरा शेजारी बसून नोट्स घेत होता. (मीटिंगचे ‘मिनिट्स’ काढायची सवय कुठे उपयोगी पडेल, सांगता येत नाही!)

एवढी का-कू कशासाठी?

बरीच वर्षं तिथे कमी सिझर म्हणजे चांगलं हॉस्पिटल, असं समीकरण होतं. श्रूजबरी आणि टेल्फर्डच्या हॉस्पिटल ट्रस्टचं तर या कमी आकड्यासाठी कौतुक व्हायचं. मार्च २०२२ मध्ये डोना ऑकेंडन यांचा चौकशी अहवाल आला आणि देश हादरला. चांगली काळजी घेतली असती तर २०१ बाळं वाचली असती किंवा वाचू शकली असती, असं त्यात म्हटलं होतं. आयांचं ऐकलं गेलं नाही, हाही त्यातला एक ठपका. त्याच वर्षी फेब्रुवारीत, अहवालाच्या थोडं आधी, सिझरच्या टक्केवारीवर हॉस्पिटलचं काम मोजणं थांबवा, असं एनएचएस इंग्लंडने कळवलं होतं.

त्याआधी २०१५ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा ‘माँटगोमेरी’ निकाल आला होता. मधुमेह असलेल्या, लहान चणीच्या एका आईला, नॉर्मल डिलिव्हरीत बाळाचा खांदा अडकण्याचा धोका नऊ ते दहा टक्के आहे, हे डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर ती सिझर मागेल, असं त्यांना वाटलं! खांदा अडकला, बाळाला कायमचं अपंगत्व आलं. कोर्टाने स्पष्ट केलं, की त्या पेशंटला महत्त्वाचा वाटेल असा धोका आणि त्यावरचे दुसरे पर्याय तिला सांगितलेच पाहिजेत.

कन्सल्टंटबाईंचा वर्ग

बत्तिसाव्या आठवड्यात कन्सल्टंट भेटल्या. त्याआधी मानसिक आरोग्य बघणाऱ्या मिडवाइफबरोबर दोन बैठका झाल्या होत्या. तिने लेबर वॉर्ड दाखवला, एपिड्यूरलने कळा कशा कमी होतात ते सांगितलं. भीती कमी झाली, पण गेली नाही.

कन्सल्टंटबाईंनी काही लपवलं नाही. सिझर म्हणजे मोठं ऑपरेशन. जखमेत इन्फेक्शन होऊ शकतं, पायात रक्ताची गाठ होऊ शकते. पुढच्या खेपेला वार गर्भाशयाला घट्ट चिकटण्याचा किंवा जुना टाका उसवण्याचा धोका वाढतो, म्हणून ‘किती मुलं हवीत?’ हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. दुसऱ्या बाजूला, खालच्या अंगाच्या मोठ्या जखमा टळतात, पुढे खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याचा त्रास कमी संभवतो. पंचवीस मिनिटं आम्ही बोलत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, ‘आता काय वाटतं?’ मी म्हटलं, ‘सिझर.’ त्या म्हणाल्या, ‘ओके.’ बस्स!

मुहूर्त नाही, लिस्ट आहे

तारीख कळताच सासूबाईंनी पंचांग काढलं. ‘दोन दिवस पुढे घ्यायला सांग ना, नक्षत्र चांगलं आहे.’ सॉरी, आई! तिथे तारीख हॉस्पिटल देतं. बाळाला श्वासाचा त्रास होऊ नये म्हणून शक्यतो ३९ आठवड्यांच्या आधी नाहीच. आणि त्या सकाळी एखादी इमर्जन्सी आली तर तुमचा नंबर मागे. मी उपाशीपोटी दुपारी दोनपर्यंत बसले होते.

कंबरेत इंजेक्शन, समोर पडदा, शेजारी निळ्या कपड्यांतला घामाघूम नवरा. थोड्याच वेळात रडण्याचा आवाज. माझा नाही, तिचा!

त्यानंतरचं मात्र कोणी ‘सोपं’ म्हणू नये. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज! घरी शिंकायचं म्हटलं तरी टाक्यांवर उशी दाबून. रक्त गोठू नये म्हणून पोटात रोज इंजेक्शन, आणि ते टोचणार कोण? नवरा! मालिशवाली नाही, शेक-शेगडी नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईने बॅगेतून आणलेले डिंकाचे लाडू हीच आमची बाळंतिणीची खोली.

मग आपल्याकडे?

आपल्याकडे सरकारी हॉस्पिटलात सिझर मोफत आहेच. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ऑपरेशन, औषधं, रक्त, जेवण, घरापर्यंतची गाडी, सगळं येतं. पण गरज आहे की नाही, हे डॉक्टर ठरवतात. आणि खच्चून भरलेल्या वॉर्डात पंचवीस मिनिटं आणायची कुठून? तिथल्या कित्येकींना आधी गरजेचं सिझर वेळेवर मिळायला हवं, हे मान्यच. सगळ्यांनी सिझर मागावं, असंही मी म्हणणार नाही. माझ्या बहिणीने दुसऱ्या वेळी नॉर्मलच मागितलं, आणि तेसुद्धा तिला डॉक्टरांशी भांडून मिळवावं लागलं. आम्हा दोघींना हवं होतं ते एकच, कोणीतरी आधी विचारावं आणि मग ऐकावं. त्याला ऑपरेशन थिएटर लागत नाही.

ऑनसाइटवाल्यांसाठी चेकलिस्ट

* प्रेग्नन्सी कळताच मिडवाइफकडे नाव नोंदवा. डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नसते.
* सिझर हवं असेल तर पहिल्या काही भेटींतच सांगा. शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.
* कारणं कागदावर लिहून न्या. ‘भीती वाटते’ हेही कारण आहे.
* नकार मिळाला तर तो फाइलमध्ये लिहायला सांगा, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे रेफरल मागा.
* दोनपेक्षा जास्त मुलांचा विचार असेल तर ते आधीच बोला.
* ठरलेल्या तारखेआधी कळा सुरू झाल्या तर काय करायचं, हेही लिहून घ्या.
* आईच्या व्हिसाची तयारी लवकर सुरू करा. टाके असताना बाळाहून जड काही उचलायचं नाही, आणि सुटकेसेस नवऱ्याने एकट्याने उचलून भागत नाही!