शिखरावरचा पिंपळ

वाचकहो, वेरूळच्या लेण्यांची सव्वादोनशे वर्षांपूर्वीची चित्रे तुम्ही पाहिली आहेत का? जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार १७९१ साली मुंबईस आला. पेशवे दरबारातील इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याने वेरूळची चित्रे काढली. पुण्याच्या गंगाराम तांबट या आपल्या कारागिरानेही मॅलेटसाठी तीच लेणी कागदावर उतरवली. वेल्स १७९५ साली वारला. त्याची चित्रे थॉमस डॅनियलने तांब्याच्या पत्र्यावर कोरून १८०३ साली लंडनला छापली.

त्या काळच्या साहेब चित्रकारांना पडक्या देवळावर माजलेले रान फार आवडे. शिखरातून फुटलेला पिंपळ, भिंतीवरून लोंबणाऱ्या मुळ्या! चित्रात ते गोड दिसते. पण तुम्ही ते शेतकऱ्याच्या नजरेने पाहा. विहिरीच्या बांधकामात उंबर उगवला की पुढे काय होते, हे तुम्हाला कोणी सांगायला नको.

कैलास अखंड खडकात वरून खाली कोरलेला. मुळीला शिरायला सांधाच नाही. मुरुम-उमरगा भागातल्या हेमाडपंती देवळांचे तसे नाही. तिथे घडीव दगड चुन्यावाचून एकमेकांत बसवलेले असतात. पाखराच्या विष्ठेतून बी सांध्यात पडते, मूळ जाडावते, दगड पुढे सरकतो आणि फटीतून पावसाचे पाणी आत मुरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने उमरगा-औसा भागातली गावेच्या गावे आडवी झाली. सांधे सैल झालेल्या भिंतीने असा हादरा सोसावा तरी कसा?

पिंपळाला कुऱ्हाड लावायची नाही ही आपली रीत, म्हणून तो शिखरावर निर्धास्त वाढतो. रीत मोडू नका. पहिल्या पावसाळ्यात रोप बोटाएवढे असतानाच मुळासकट काढा आणि गावच्या पारावर लावा. मुळी मनगटाएवढी झाली असेल तर मात्र ओढू नका, तिच्याबरोबर दगडही येईल. देऊळ सरकारी संरक्षणाखाली असेल तर आधी पुरातत्त्व खात्याला कळवा.

आणखी एक. शाळेतल्या लेकीला वही-पेन्सिल देऊन देवळासमोर बसवा. उद्या दगड निखळले, तर कोणता कुठे होता हे त्या कागदावरून कळेल. तिला मागची बाजूही काढायला सांगा. तिकडे कोणी फिरकत नाही, आणि झाड बहुधा तिकडेच उगवते.