पेटी उघडली की ऑर्गन कळतो

वाद्यांचं अंतरंग : लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण पेटीचा भाता पाहिला. आज त्याच वाऱ्याच्या वाटेनं चर्चमधल्या पाइप ऑर्गनपर्यंत जाऊ. नांदेड-लातूरकडे हे वाद्य सहज दिसत नाही; मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलसारख्या जुन्या चर्चमध्ये ते आहे. पण समजून घ्यायला घरची पेटी पुरते. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनात, गावच्या भजनी मंडळात, ना. वा. टिळकांची भजनं गाणाऱ्या मराठी चर्चमध्ये वाजते तीच.

पेटीच्या दर्शनी बाजूच्या खुंट्या बघा. एक ओढली की वारा खर्जाच्या सुरांकडे जातो, दुसरी ओढली की नराच्या. सगळ्या आत ढकलल्या, तर पट्टी कितीही दाबा, आवाज नाही. ऑर्गनचा कन्सोल, म्हणजे वादक बसतो ती जागा, याच हिशेबावर चालतो. पट्ट्यांचे दोन-तीन थर, प्रत्येकात साधारण 61 पट्ट्या. खाली पायांनी दाबायच्या 30 किंवा 32 लाकडी पट्ट्या. दोन्ही बाजूंना ओढायच्या खुंट्या. त्यांना म्हणतात स्टॉप. त्यांवर 16, 8, 4 असे आकडे असतात. ते फूट आहेत. 8 म्हणजे सर्वांत खालच्या पट्टीची उघडी नळी (पाइप) सुमारे 8 फूट लांब. 4 ओढला की तीच पट्टी एक सप्तक वर बोलते, 16 ओढला की एक सप्तक खाली. आपल्या पेटीतल्या खर्ज, नर, मादी या खालच्या, मधल्या, वरच्या सुरांचंच हे मोजमाप.

फरक आवाज निघण्यात आहे. पेटीत पितळेची जीभ थरथरते. ऑर्गनच्या बहुतेक नळ्या बासरीसारख्या बोलतात. वारा नळीच्या ओठाच्या धारेवर आपटतो आणि नळीतली हवा गाते. नळीला भोकं नसतात, म्हणून एका सुराला एक नळी. एका स्टॉपला 61 नळ्या धरल्या, तर 20 स्टॉपना हजाराच्या वर.

पेटीवाल्याचा श्वास त्याच्या डाव्या हातात असतो. तो भाता हलका सोडतो, तान येताच जोर देतो. ऑर्गनला मात्र वारा एकसारख्या दाबानं लागतो. पूर्वी मागे उभा राहून माणूस भाता मारायचा, आता विजेचा पंखा ते काम करतो. त्यामुळे बोट जोरात दाबलं म्हणून सूर मोठा होत नाही. वादक स्टॉप वाढवतो, कमी करतो, काही नळ्या ज्या बंद खोलीत असतात तिच्या झडपा पायानं उघडतो. आणि भाव उरतो तो बोट नेमकं कधी उचललं यात. श्वास दुसऱ्याच्या हवाली केला, तेव्हा दोन हात आणि दोन पाय गाण्यासाठी मोकळे झाले. ज्यानं भाता मारला, त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच आलं. पण त्याच्याविना एकही नळी बोलली नसती.

पुढच्या आठवड्यात : भात्याचं काम पायांकडे असलेली संगीत नाटकातली पायपेटी.