जहाजावरची चूल (भाग ६) : २३ दिवस जाताना, ३ महिने येताना

जहाजात शिधा कसा भरत, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता तो शिजवायचा कसा?

लाकडी जहाज, डांबर फासलेले दोर आणि वर कापडी शिडं. अशा ठिकाणी विस्तव पेटवायचा म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून चूल डेकवर, खाली वाळूचा थर देऊन मांडत. वारा भडकला की ती विझवायची आणि मग सगळ्यांनी कोरडं चावायचं. खारवलेलं मांस आधी भिजत घालावं लागे, तेही बहुतेक समुद्राच्याच पाण्यात, कारण गोडं पाणी मोजून मिळे. आश्चर्य वाटेल, पण पिंपातलं मीठ इतकं कडक असे की समुद्राच्या पाण्यानेही त्याचा खारटपणा थोडा उतरे. बिस्कीट म्हणजे चहात बुडवायचं नव्हे. पीठ-पाण्याची, दगडासारखी कडक भाजलेली भाकरीच म्हणा. खाण्याआधी ती आपटून आतले किडे झाडायचे.

एवढ्यावर माणूस पोट भरून जगतो, पण किती दिवस? खरी मेख इथे आहे. वास्को द गामा एप्रिल १४९८ मध्ये आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाला. सोबत तिथल्या राजाने दिलेला वाटाड्या होता आणि पाठीशी नैर्ऋत्येचा वारा. २३ दिवस जमीन दिसली नाही आणि मग थेट मलबारचा किनारा. परतताना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर त्याने जहाजं डागडुजीला लावली, पाणी भरलं आणि ५ ऑक्टोबरला तो निघाला. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवतो हे कोकणात पोरालाही ठाऊक असतं, पण आफ्रिकेकडे नेणारा ईशान्येचा वारा धरायला नोव्हेंबर उजाडतो. गामाला तेवढा धीर नव्हता. कधी वारा पडलेला, कधी उलटा. तेच अंतर कापायला ३ दिवस कमी ३ महिने लागले.

बिस्किटात आणि खारवलेल्या मांसात ‘क’ जीवनसत्त्व नावालाही नसतं. शरीरातला साठा दोन-तीन महिन्यांत संपतो आणि पेशींना बांधून ठेवणारं कोलॅजन नीट तयार होईनासं होतं. त्या सफरीची रोजनिशी उपलब्ध आहे. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, खाता येईना, पाय सुजले, असं तिच्यात लिहिलं आहे. म्हणजे दगडासारखं बिस्कीट हातात आणि चावायला तोंडच नाही! त्या टप्प्यात ३० माणसं गेली. एकेका जहाजावर काम करण्याजोगे सात-आठच उरले.

एरवी अशा मृत्यूंचा दोष निकृष्ट शिध्याला देतात. मला तो अर्धाच पटतो. जातानाही शिधा याच जातीचा होता. मारलं ते पंचांगाने.

जानेवारीत मालिंदी आली. आजारी खलाशांना संत्र्यांची आस लागली होती, म्हणून गामाने ती आणायला माणूस किनाऱ्यावर धाडला. दुसऱ्या दिवशी संत्री आली. काहींच्या बाबतीत मात्र उशीर झाला होता. ते तिथेच वारले. पुढे मोंबासाच्या दक्षिणेला उथळ पाण्यात ‘साँव राफाएल’ हे जहाज रिकामं करून जाळावं लागलं. तीन जहाजं हाकायला माणसंच पुरेनात.